एकच गाडी, तीन नोड

मागच्या महिन्यात या सदरात मी ग्राफ डेटाबेसबद्दल थोडं लिहिलं होतं. माहिती नुसत्या तक्त्यांत न ठेवता नोड (म्हणजे एकेक वस्तू, जागा किंवा माणूस) आणि त्यांच्यातली नाती अशी ठेवायची, म्हणजे ‘या ड्रायव्हरने नेलेला माल कोणकोणत्या गोदामांतून गेला’ अशा प्रश्नाचं उत्तर नात्यांवरून चालत जाऊन मिळतं, एवढंच सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच अडचणीची निघाली. ग्राफ बसवला, पण ऑफिसातल्या बाकीच्या सिस्टिम्सशी तो जोडायचा कसा? नागपूरजवळच्या वाडीच्या एका वाचकाचं पत्र सगळ्यात तपशीलवार आहे, म्हणून या वेळी जास्त जागा त्यांना देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. वाडीला आमची ट्रान्सपोर्ट कंपनी आहे. जबलपूर, रायपूर आणि हैदराबाद या लाइनी चालतात. बिल्ट्या (मालाच्या वाहतुकीच्या पावत्या) आणि हिशेब मायएसक्यूएल या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये आहेत. ड्रायव्हरच्या मोबाइल ॲपवरून ‘गाडी निघाली’, ‘माल उतरला’ असे मेसेज रॅबिटएमक्यू या मेसेज पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, येतात. ते वाचून निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये गाडी, बिल्टी, गोदाम, ड्रायव्हर असे नोड करणारा प्रोग्रॅम आमच्याकडच्या एका मुलाने लिहिला. महिनाभर छान चाललं. आता एकच गाडी तीन-तीनदा दिसते, पोहोचलेल्या बिल्ट्या ‘रस्त्यात’ दिसतात आणि रात्री लोड वाढला की डेडलॉकची एरर येऊन मेसेज अडकतात. आम्ही डेटाबेसच चुकीचा निवडला का?

उत्तर : डेटाबेस चुकलेला नाही, दादा, आणि त्या मुलालाही रागावू नका. डेडलॉककडे नंतर येते, पण तुमच्या पहिल्या दोन तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. क्यूने काय कबूल केलं आहे आणि काय नाही, हे ग्राफच्या बाजूला कुणी गृहीत धरलेलं नाही.

रॅबिटएमक्यू तुम्हाला एवढंच कबूल करतो की मेसेज किमान एकदा पोहोचेल. मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ‘मिळाला, काम झालं’ अशी पोच दिली की तो मेसेज क्यूमधून काढतो. आता समजा प्रोग्रॅमने ग्राफमध्ये नोंद केली आणि पोच द्यायच्या आधीच सर्व्हर रीस्टार्ट झाला. क्यूला पोच दिसत नाही, म्हणून तोच मेसेज पुन्हा येतो. पोचपावतीवर सही नसेल तर तुमचा क्लार्कसुद्धा समोरच्या गोदामाला पुन्हा फोन करतो, तसंच हे आहे. म्हणजे दोनदा येणारा मेसेज ही बिघाडाची खूण नव्हे, तो सावधपणा आहे. एकच मेसेज दहा वेळा आला तरी ग्राफ जिथल्या तिथे राहिला पाहिजे, आणि ही जबाबदारी लिहिणाऱ्या बाजूची.

त्यासाठी सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की ‘तीच गाडी’ म्हणजे काय. तुम्ही म्हणाल गाडी नंबर. मीही तेच म्हटलं होतं. हिंगणा रोडवरच्या एका कारखान्याचं असंच काम माझ्याकडे होतं, आणि पहिल्या आठवड्यात मी ग्राफ उघडून पाहिला तर एकाच ट्रकचे चार नोड होते. गेटवरचा माणूस ‘एमएच ४०’ नंतर जागा सोडायचा, ऑफिसातली मुलगी मधे आडवी रेघ द्यायची, ड्रायव्हर सगळं सलग लिहायचा आणि एका ठिकाणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर पडलेलं होतं. माणसाला चारही सारखे. डेटाबेसला ते चार ट्रक. म्हणून नंबर ग्राफपर्यंत पोहोचायच्या आधी एकाच जागी धुऊन घ्यायचा: रिकाम्या जागा आणि रेघा काढायच्या, सगळी अक्षरं मोठी करायची, जिथे आकडाच असायला हवा तिथे ओचा शून्य करायचा. हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगवेगळं लिहू नका. एक छोटं फंक्शन करा आणि सगळ्यांना तेच वापरायला लावा.

बिल्टी नंबरचा घोळ याहून गुपचूप होतो. मायएसक्यूएलमधून तो आकडा म्हणून येतो आणि ॲपच्या मेसेजमधून अवतरणचिन्हात, म्हणजे अक्षरं म्हणून. निओफोरजेच्या सायफर भाषेत ४५१२ हा आकडा आणि ‘४५१२’ ही अक्षरं कधीच सारखी ठरत नाहीत. पडद्यावर दोन्ही एकसारखी दिसतात, म्हणून शोधायला वेळ जातो. बिल्टी नंबर कायम अक्षरं म्हणूनच ठेवा, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करणार नाही.

आणि नावांचं तर विचारूच नका. त्याच कारखान्याच्या एका ग्राहकाच्या नावात ‘वऱ्हाड’ हा शब्द होता. ग्राफमध्ये त्या ग्राहकाचे दोन नोड शेजारी-शेजारी उभे. अक्षर न् अक्षर तेच. मी दोन संध्याकाळी त्याच्यापुढे बसून होते. शेवटी दोन्ही नावांचे युनिकोड आकडे एकाखाली एक छापून पाहिले तेव्हा उलगडलं. आपल्या ‘ऱ्हा’मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. शिवाय ऱ हे अक्षरसुद्धा र अधिक नुक्ता असं दोन तुकड्यांत येऊ शकतं. युनिकोडचं एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन चालवलं की र आणि नुक्ता जोडून ऱ होतो, पण ते न दिसणारं जोडचिन्ह त्याने जात नाही. ते आपल्यालाच ओळखून बदलावं लागतं. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे अशी आडनावं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून नावाला ओळख मानायचंच नाही. ग्राहकाची ओळख म्हणजे तुमचा ग्राहक कोड, किंवा त्याचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर. नाव ही त्या नोडवर लिहिलेली एक माहिती, बस.

ओळख ठरली की ती डेटाबेसला सांगा. प्रत्येक प्रकारच्या नोडच्या ओळखीवर युनिक कन्स्ट्रेंट टाका, म्हणजे तीच ओळख दुसऱ्या नोडला चालणार नाही असा नियम. निओफोरजेच्या फुकट मिळणाऱ्या कम्युनिटी आवृत्तीतही तो टाकता येतो. सायफरमध्ये ‘मर्ज’ हा आदेश ‘असेल तर घे, नसेल तर कर’ असं काम करतो. तुमच्या मुलाने तो वापरला असेल याची मला खात्री आहे. पण कन्स्ट्रेंट नसताना दोन कन्झ्युमरनी, म्हणजे क्यूमधले मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या दोन प्रतींनी, एकाच क्षणी तीच गाडी ‘मर्ज’ केली, तर दोघांनाही ती दिसत नाही आणि दोघंही नवी करतात. महिनाभर चाललं आणि मग बिघडलं, असं तुम्ही लिहिता, त्याचं कारण बहुधा हेच असावं. लोड वाढला म्हणून तुम्ही कन्झ्युमर वाढवले असतील.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. गाडी, ‘नेते’ हे नातं आणि बिल्टी असं अख्खं चित्र एकाच ‘मर्ज’मध्ये लिहायचं. दिसायला सुटसुटीत. पण ‘मर्ज’ ते चित्र पूर्णच्या पूर्ण शोधतो. गाडी आहे, बिल्टी आहे, फक्त नातं नाही, असं असेल तर तो जुनी गाडी न घेता तिन्ही गोष्टी नव्याने करायला जातो. कन्स्ट्रेंट असेल तर एरर येते, नसेल तर दुसरी गाडी तयार. म्हणून आधी गाडी तिच्या ओळखीने ‘मर्ज’ करायची, मग बिल्टी तिच्या ओळखीने, आणि शेवटी त्या दोघांमधलं नातं. तीन ओळी लागतात, लागू द्या.

आता पोहोचलेली बिल्टी ‘रस्त्यात’ का दिसते? तुमची जबलपूरची गाडी खवासाच्या पुढे पेंचच्या जंगलात शिरली की ड्रायव्हरच्या मोबाइलची रेंज जाते. ‘गाडी निघाली’ हा मेसेज फोनमध्येच अडकून बसतो. तिकडे जबलपूरच्या गोदामातला माणूस वायफायवरून ‘माल उतरला’ पाठवून मोकळा होतो. नंतर कधीतरी ड्रायव्हरचा फोन जागा होतो आणि ‘निघाली’ येऊन ‘उतरला’च्या डोक्यावर बसतो. क्यूमध्ये कुठला मेसेज आधी आला, यावरून कुठली घटना आधी घडली हे ठरत नाही. प्रत्येक मेसेजमध्ये घटना घडल्याची वेळ घाला आणि नोडवर शेवटच्या मानलेल्या घटनेची वेळ ठेवा. आलेली घटना त्याहून जुनी असेल तर बिल्टीची स्थिती बदलायची नाही, इतिहासात मात्र नोंद घ्यायची. फोनची घड्याळं मागेपुढे असतात, म्हणून मी घटनांना पायऱ्याही देते: बुकिंग १, निघाली २, उतरला ३. पायरी मागे जात नाही. गाडी खरोखरच माल घेऊन परत फिरली, तर त्यासाठी वेगळी घटना ठेवा.

आणि ज्या बिल्टीबद्दल मेसेज आला ती ग्राफमध्ये अजून आलेलीच नसेल तर? मेसेज नाकारू नका. नुसत्या नंबराचा रिकामा नोड करा. मायएसक्यूएलकडून बिल्टीचा मेसेज आला की त्यात वजन, भाडं, ग्राहक भरले जातील. नंबरच रिकामा असेल तर मात्र ‘मर्ज’ एरर देतो, आणि ते बरंच आहे.

डेडलॉककडे वळू. दोन नोडमध्ये नातं जोडताना डेटाबेस साधारणपणे दोन्ही टोकांना कुलूप लावतो. एक कन्झ्युमर आधी गाडी आणि मग वाडीचं गोदाम धरतो, दुसरा आधी गोदाम आणि मग तीच गाडी. दोघं एकमेकांकडे बघत उभे. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन आयशरसारखी गत, एकाला मागे घ्यावीच लागते, आणि डेटाबेस एकाला मागे पाठवतो. तीच तुमची एरर. ही एरर तात्पुरत्या प्रकारची आहे, तेच काम पुन्हा केलं की बहुतेक वेळा होऊन जातं. निओफोरजेच्या ड्रायव्हर लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या तयार कोडमध्ये, अशी एरर आली की काम आपोआप पुन्हा करणारी ट्रॅन्झॅक्शन फंक्शन्स आहेत (ट्रॅन्झॅक्शन म्हणजे सगळ्या मिळून होणाऱ्या किंवा सगळ्या मिळून रद्द होणाऱ्या नोंदी). ती वापरा, स्वतः ट्रॅन्झॅक्शन उघडू-मिटू नका.

पण नुसतं पुन्हापुन्हा करणं पुरत नाही. तुमच्या वाडीच्या गोदामाला हजारो बिल्ट्या जोडलेल्या असणार, प्रत्येक गाडी तिथूनच जाते, त्यामुळे सगळ्यांची गर्दी त्याच एका नोडवर. मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे मेसेज एकेक न लिहिता पाचशेच्या आसपासचा गठ्ठा करून सायफरच्या ‘अनवाइंड’ या यादी उलगडणाऱ्या आदेशाने एकदम लिहायचे, आणि गठ्ठ्यातल्या ओळी आधी ओळखीप्रमाणे क्रमाने लावायच्या, म्हणजे सगळे कन्झ्युमर कुलपं एकाच क्रमाने मागतात. दुसरं, गोदामाला बिल्टी थेट न जोडता मधे ‘त्या दिवसाची आवक’ असा नोड घालायचा. गोदाम, त्याला दिवस, दिवसाला बिल्ट्या. गर्दी फुटते, आणि ‘परवा काय काय आलं’ या प्रश्नाचं उत्तरही पटकन मिळतं. पोच मात्र ट्रॅन्झॅक्शन पूर्ण झाल्यावरच द्या, आणि रॅबिटएमक्यूची प्रीफेच मर्यादा, म्हणजे पोच यायच्या आधी एका कन्झ्युमरला किती मेसेज द्यायचे तो आकडा, गठ्ठ्याच्या आकाराला धरून ठेवा. मर्यादाच नसेल तर एका कन्झ्युमरच्या अंगावर अख्खी क्यू येऊन पडते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. जे फंक्शन पुन्हा चालू शकतं, त्याच्या पोटात एसएमएस पाठवायचा कोड ठेवू नका. आमच्याकडे तो होता. एका रात्री डेडलॉकमुळे तेच काम तीनदा चाललं आणि एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला ‘आपला माल निघाला आहे’ असे तीन एसएमएस गेले. त्यांना वाटलं तीन गाड्या निघाल्या. त्यांनी पहाटे तीन गाड्यांसाठी हमाल बोलावून ठेवले. त्या हमालांची मजुरी कारखान्याने भरली, पण पहाटे पाचला येऊन बसलेल्या त्या माणसांची सकाळ आम्ही वाया घालवली, ते मला आजही बोचतं. एसएमएस, ईमेल, बिलं, जे एकदा गेलं की परत घेता येत नाही, ते ट्रॅन्झॅक्शन पार पडल्यावर वेगळ्या मेसेजने पाठवा आणि त्या मेसेजला ओळख नंबर द्या.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या पत्रातच तो दडलेला आहे. बिल्टी मायएसक्यूएलमध्ये सेव्ह होते ‘आणि मग’ मेसेज जातो, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. त्या ‘आणि मग’च्या मधे वीज गेली तर बिल्टी आहे आणि मेसेज नाही. ग्राफला ती बिल्टी कधीच कळणार नाही. तुमच्या जुन्या बिल्टी बुकात कार्बन असायचा ना? एकदा लिहिलं की माल पाठवणाऱ्याची, माल घेणाऱ्याची, ड्रायव्हरची आणि ऑफिसची प्रत एकाच दाबात उमटायची. एक प्रत झाली आणि दुसरी राहिली असं व्हायचंच नाही. तसा कार्बन इथेही घालता येतो. मायएसक्यूएलमध्येच ‘पाठवायचे मेसेज’ असा एक तक्ता करा, आणि बिल्टी ज्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहाल त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये त्यातही एक ओळ लिहा. दुसरा प्रोग्रॅम तो तक्ता वाचून मेसेज पाठवेल. इंजिनिअर याला आउटबॉक्स म्हणतात. कोडला हात न लावता करायचं असेल तर डिबेझियम हे साधन मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे त्यातल्या बदलांची नोंदवही, वाचून प्रत्येक बदलाचा मेसेज करतं, पण ते नीट बसवायला आणि सांभाळायला माणूस लागतो. चार माणसांच्या आयटी विभागाला मी आधी आउटबॉक्स सांगेन.

आत्ता जे दुहेरी-तिहेरी नोड झालेत ते एकेक जोडत बसू नका. खरी माहिती मायएसक्यूएलमध्ये आहे. कन्स्ट्रेंट टाकलेला नवा, रिकामा ग्राफ घ्या, त्यात सगळं पुन्हा भरा आणि एका रात्री जुना बाजूला काढून ठेवा. ग्राफ ही तुमच्या माहितीची एक मांडणी आहे, ती मोडून पुन्हा उभी करता आली पाहिजे. ते किती तासांत होतं, हे एकदा घड्याळ लावून बघूनच ठेवा.

प्रश्न : बुटीबोरीला आमच्या कारखान्यात मशीनच्या सेन्सरचे मेसेज ग्राफमध्ये न्यायचे आहेत. काफ्का घ्यावा की रॅबिटएमक्यू? वरचे साहेब काफ्काच म्हणतात.

उत्तर : साहेब का म्हणतात ते विचारा, कारण सेन्सरच्या बाबतीत ते बरोबर असू शकतात. रॅबिटएमक्यू हा टपालवाला. पत्र दिलं, पोच घेतली, पत्र त्याच्याकडे राहिलं नाही. काफ्का ही नोंदवही. मेसेज एकापुढे एक लिहिले जातात, वाचणारा आपण कुठवर वाचलं त्याची खूण ठेवतो, आणि उद्या वाटलं तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. ग्राफसाठी हे मोलाचं आहे, कारण नोडची रचना बदलली की जुने मेसेज पुन्हा वाचून ग्राफ नव्याने भरता येतो. पण वही कायमची नसते. काफ्का मुळात ७ दिवसांचंच ठेवतो, जास्त हवं असेल तर ते आपण सांगावं लागतं. हे माहीत नसल्याने आठव्या दिवशी रडणारे मी पाहिले आहेत.

क्रमाचंही तसंच. काफ्का आपली वही पार्टिशन नावाच्या तुकड्यांत ठेवतो आणि एका पार्टिशनमधला क्रम पाळतो, सगळ्या पार्टिशनमधला नाही. मशीनचा नंबर हीच मेसेजची ‘की’ (ओळखखूण) ठेवलीत तर एका मशीनचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये, क्रमाने येतात. काफ्काला इतर सिस्टिम्सशी जोडणाऱ्या काफ्का कनेक्टसाठी निओफोरजेचा तयार कनेक्टर आहे. मेसेज आला की कोणता सायफर आदेश चालवायचा एवढं त्यात लिहून देता येतं, त्यामुळे वेगळा कन्झ्युमर लिहायचं काम वाचतं.

मात्र प्रत्येक सेन्सरचं दर सेकंदाचं तापमान ग्राफमध्ये ओतू नका. ते वेळेनुसार येणारे आकडे ठेवणाऱ्या टाइम-सिरीज डेटाबेसचं काम. ग्राफमध्ये कोणतं मशीन कोणत्या लाइनवर आहे, कोणता पंप कुणाला पाणी देतो आणि कोणती बिघाडाची घटना कशाशी जोडलेली आहे, एवढंच. दिवसाला शे-दोनशे मेसेज असतील आणि काफ्का सांभाळायला कुणी नसेल, तर साहेबांना नम्रपणे रॅबिटएमक्यू सुचवा.

जाता जाता, काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झाला आणि २०११मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. तो घडवणाऱ्या तिघांतल्या एक नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या आणि तिथेच इंजिनिअर झाल्या. पत्र लिहिणारी वाचक नुकतीच नोकरीला लागली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

प्रश्न : ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, ग्राफक्यूएल आहे मग ग्राफ डेटाबेस कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : नावामुळे ही गल्लत फार जणांची होते. ग्राफक्यूएल हा डेटाबेसच नाही. वेबसाइटने किंवा ॲपने सर्व्हरला ‘मला नेमकं एवढंच दे’ असं सांगायची ती भाषा आहे. फेसबुकने ती २०१२मध्ये स्वतःसाठी केली आणि २०१५मध्ये खुली केली. तिच्यामागे मायएसक्यूएल असेल, ग्राफ असेल, नुसती फाइलसुद्धा असेल. ग्राफ डेटाबेस मागे असला की ती सोपी बसते, कारण दोन्हीकडे ‘या वस्तूच्या जोडलेल्या वस्तू’ अशीच भाषा आहे. भर म्हणून २०२४मध्ये आयएसओने ग्राफ डेटाबेसच्या प्रश्नभाषेचं प्रमाणीकरण केलं आणि तिचं नाव ठेवलं जीक्यूएल. सायफर येणाऱ्याला ओळखीची वाटेल अशी ती भाषा. ग्राफक्यूएल वेगळी, जीक्यूएल वेगळी, हे पुढच्या व्हायव्हाला पक्कं लक्षात ठेव.

प्रश्न : आम्ही काटोलकडचे संत्रा बागायतदार, शेतकरी उत्पादक कंपनी केली आहे. बाग, तोडणीचा लॉट, ग्रेडिंग आणि वॅक्सिंग सेंटर, क्रेट, गाडी, व्यापारी असं सगळं ग्राफमध्ये आणलं. उद्देश हा की एखाद्या लॉटमध्ये कूज निघाली तर तो माल कुठे गेला हे लगेच कळावं. वेबपेजवर ग्राफ दाखवला तर ब्राउझर अडकतो. ४० हजार नोड आहेत. शिवाय पेज थेट डेटाबेसला जोडलेलं आहे, ते चालेल का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मन भरून आलं. माझं माहेर नरखेडचं. आंबिया बहाराचा लॉट परत आला की घरात दोन दिवस कुणी नीट जेवत नसे, आणि कुणाच्या बागेतला माल होता यावर वाद चालायचा. तो वाद तुम्ही मिटवायला निघाला आहात.

आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो आजच्या आज सोडवायचा आहे. थेट जोडणी चालणार नाही. पेज थेट निओफोरजेशी बोलतं म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड पेज उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जातो. कुणीही तो काढून घेईल आणि एका ओळीत सगळा ग्राफ पुसेल. ७६८७ आणि ७४७४ हे निओफोरजेचे पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडायची दारं, इंटरनेटसाठी बंद करा आणि पासवर्ड बदला. मधे एक छोटा सर्व्हर घाला, ज्याला ठरावीक चार-पाचच प्रश्न विचारता येतील: या लॉटचे क्रेट, या क्रेटची गाडी, या व्यापाऱ्याकडे गेलेला माल. लॉट नंबर सायफरच्या वाक्यात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळा द्या. आणि ‘जोडलेलं सगळं’ असा अमर्याद प्रश्न ठेवू नका, पाच-सहा पायऱ्यांची मर्यादा घाला. तुमच्या साखळीला तेवढ्याच लागतात. नाहीतर लॉटवरून गाडी, गाडीवरून दुसऱ्याचा लॉट, त्यावरून तिसरी बाग, असं करत तो प्रश्न अख्खा तालुका फिरून येईल.

ब्राउझरचं म्हणाल, तर ४० हजार नोड एकदम दाखवून बागायतदाराला काय दिसणार? नुसता गुंता. त्याला आपला लॉट दिसू द्या. लॉटवर बोट ठेवलं की त्याचे क्रेट उघडावेत, क्रेटवर ठेवलं की गाडी. पडद्यावर एका वेळी शंभर-दीडशेच्या वर नोड नकोत. त्यासाठी सायटोस्केप-जेएस ही फुकट लायब्ररी पुरेशी आहे. डी-थ्रीमध्येही होतं, पण त्यात सगळं हाताने बांधावं लागतं. हजारो नोड खरंच लागले तर वेबजीएल वापरणारी सिग्मा-जेएस बघा.

गाडी नागपूरच्या कळमना मार्केटला पोहोचली की पेजवर आपोआप रंग बदलावा, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्यासाठी पेजने दर पाच सेकंदांनी विचारत राहायची गरज नाही. क्यूमधला मेसेज ग्राफमध्ये लिहून झाला की तुमच्या मधल्या सर्व्हरने सर्व्हर-सेंट इव्हेंट्सने पेजला कळवावं. साध्या एचटीटीपीवरच चालतं, गावाकडची रेंज तुटली तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला क्रमांकही सांगतो, म्हणजे मधले चुकलेले मेसेज सर्व्हरला देता येतात. फक्त एक करा: कळवा ते ग्राफमध्ये लिहून झाल्यावर. आधी कळवलंत तर बागायतदार बोट ठेवेल आणि त्याला जुनीच स्थिती दिसेल.

प्रश्न : इतवारीत आमचं किराण्याचं होलसेल आहे. मुलगा म्हणतो सगळं ग्राफ डेटाबेसवर न्यायचं. पुरवठादार, माल, दुकानदार असे तीन तक्ते आहेत. एखादा माल कोणत्या पुरवठादाराकडून येऊन कोणकोणत्या दुकानांत गेला, हा रिपोर्ट यायला दोन मिनिटं लागतात, एवढीच अडचण आहे.

उत्तर : काका, एवढ्यासाठी नेऊ नका. तीन तक्ते आणि दोन जोडण्या हे मायएसक्यूएलचं रोजचं काम आहे. उद्या पुरवठादाराचा पुरवठादार, त्याचा पुरवठादार अशी साखळी शोधायची वेळ आली, तरी मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे पायरीपायरीने पुढे जाणारा प्रश्न, लिहिता येते. पायऱ्या किती आहेत हे आधी माहीत नाही, नाती अनेक प्रकारची आहेत आणि असे प्रश्न दिवसभर पडतात, असं होईल तेव्हा मुलाचं जरूर ऐका. त्याची हौस चांगली आहे, त्याला वाडीच्या दादांचं पत्र वाचायला द्या.

तुम्ही तक्त्यांची रचना सोबत पाठवलीत हे फार बरं केलं. विक्रीच्या ओळी ज्यात आहेत त्या तक्त्यात मालाच्या कोडवर इंडेक्सच, म्हणजे पटकन शोधायची सूचीच, नाही. दुकान बंद झाल्यावर मुलाला तो टाकायला सांगा, आणि मग तोच रिपोर्ट पुन्हा काढून बघा.